‘धा’ कुठे फाटतो?

गाडीतला बेस फाटतो तेव्हा तो कमी झाल्यासारखा वाटत नाही, उलट वाढल्यासारखा वाटतो. सगळी अडचण इथेच सुरू होते. गाणाऱ्याचा तार षड्ज फाटला तर कान लगेच तक्रार करतो. खर्ज फाटला तर तोच कान म्हणतो, वा, दम आहे. म्हणून सिस्टीम बिघडली आहे हे पुष्कळदा मालकाला कळतच नाही, आणि कळतं तेव्हा डिकीतून स्पीकरची व्हॉइस कॉइल जळल्याचा वास यायला लागलेला असतो.

कान असा फसतो याला कारण आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या हार्वी फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली माणसाच्या श्रवणाचे आलेख प्रसिद्ध केले. हळू आवाजात आपला कान खालच्या स्वरांना बराच बहिरा असतो, हे त्यांतून स्पष्ट दिसलं. ५० हर्ट्झचा स्वर ५०० हर्ट्झच्या स्वराइतका मोठा वाटायचा असेल तर त्याला हवेचा कितीतरी जास्त दाब लागतो. आता ॲम्प्लिफायरची ताकद संपली आणि ५० हर्ट्झचा तरंग वरून-खालून छाटला गेला, की त्यातून १५०, २५०, ३५० हर्ट्झचे नवे स्वर निघतात. मूळ गाण्यात ते नसतात. पण ते जिथे पडतात तिथे कान जास्त तल्लख असतो, म्हणून आवाज एकदम भरल्यासारखा वाटतो. शिवाय वरचे उपस्वर कानावर पडले की खालचा मूळ स्वर मेंदू स्वतःच जोडून घेतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवरही गाण्यातला बेस आपल्याला ओळखू येतो तो यामुळेच. फाटलेला बेस कानाच्या या दोन्ही सवयींचा फायदा घेतो.

तेव्हा ‘जास्त आहे का’ हा प्रश्नच सोडून द्यायला हवा. बेसची पारख दणक्यावर करायची नसते. ती सुरावर करायची आणि विरामावर करायची. खालच्या प्रत्येक स्वराला त्याची स्वतःची उंची आहे का? आणि वाजवणाऱ्याने थांबवल्यावर तो थांबतो का? हे दोन प्रश्न मनात धरून ऐकलं की बिघाड कुठे आहे हे बऱ्याच अंशी कानच सांगतो. मल्टिमीटर आणि स्क्रूड्रायव्हरचं काम त्याच्यानंतरचं.

सिस्टीम तपासताना जगभर बेस गिटार, किक ड्रम नाहीतर शुद्ध स्वरांच्या फायली वापरतात. त्या सगळ्या उपयोगी आहेत. पण मैफली ऐकत वाढलेल्या मराठी कानाजवळ याहून बारीक माप आहे, ते म्हणजे तबल्याचा डग्गा. एकल तबलावादनाचं एखादं अलीकडचं, स्वच्छ ध्वनिमुद्रण घ्यावं, मध्यलयीतला तीनताल, खाली पेटीचा किंवा सारंगीचा लेहरा. गाडी शांत जागी उभी करावी, काचा वर कराव्यात, इंजिन सुरू ठेवावं, आणि गाडी उघड्यावरच असावी, बंद गॅरेजमध्ये नको. मग फक्त ‘धा’ ऐकावा.

‘धा’ हा एक आवाज नाही. उजव्या हाताची तर्जनी तबल्याच्या चाटेवर ‘ना’ काढते आणि त्याच क्षणी डावा हात डग्ग्यावर ‘गे’ काढतो. तबला काळी एकला लावलेला असेल तर वरचा आवाज २७७ हर्ट्झच्या षड्जाशी जुळलेला, टणकदार आणि आखूड. खालचा साधारणपणे १०० हर्ट्झच्या आगेमागे, गोल आणि लांबणारा. डग्ग्याच्या या आवाजातही दोन टप्पे आहेत. आधी बोटाच्या आघाताचा बारीक ‘टक्’, आणि त्याच्या पाठोपाठ उमलणारा घुमारा. हा ‘टक्’ दाराच्या स्पीकरमधून येतो आणि घुमाऱ्याचा तळ डिकीतल्या सबवूफरमधून. दोन्ही एकाच क्षणी, एकाच हाताचे म्हणून ऐकू आले पाहिजेत. मग मनगटाची टाच पुडीवर दाबली जाते, शाईच्या दिशेने सरकते, आणि घुमारा खालून वर चढतो. चांगल्या वादकाचा डग्गा बोलतो असं आपण म्हणतो ते या चढण्या-उतरण्याला. गाडीत हा चढ सलग, पायऱ्या न पडता, मध्ये न हरवता ऐकू यायला हवा. इतकी कठीण परीक्षा बेस गिटारही क्वचितच घेते.

या वाद्याच्या आवाजात उपस्वरांचा हिशेब किती नेमका आहे हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवलं. १९२० साली ‘नेचर’मध्ये एका सहकाऱ्याबरोबर, आणि पुढे १९३४ साली सविस्तर लेखात. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत पडत नाहीत, म्हणून बहुतेक चर्मवाद्यांना निश्चित सूर नसतो. तबला आणि मृदंगाच्या पुडीवर थरावर थर देऊन घोटलेल्या शाईमुळे कातड्याचं वजन असं वाटलं जातं, की कंपनाचे पहिले नऊ प्रकार पाच संवादी स्वरांत येऊन बसतात. कातड्याला सूर मिळतो तो इतक्या निगुतीने. डग्ग्याची शाई मध्यावर नसून एका बाजूला असते, आणि म्हणूनच मनगटाला सरकायला जागा मिळते.

आता या नेमक्या हिशेबाचं छाटलेल्या तरंगात काय होतं ते पाहू. एकट्या स्वराचे छाटण्यातून निघणारे उपस्वर पटीतच असतात. १०० हर्ट्झचे ३००, ५००, ७००. कानाला ते फार खुपत नाहीत. पण ‘धा’मध्ये स्वर एकटा नाही. १०० आणि २७७ एकत्र छाटले गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्या होतात आणि ७७, ४५४, ४७७ असे स्वर बाहेर पडतात. हे ना तबल्याचे, ना डग्ग्याचे, ना कुठल्या रागाचे. फाटलेल्या बेसमध्ये जो चिखल ऐकू येतो तो हाच. डग्ग्याचा प्रत्येक ठोका तबल्याच्या ‘ना’वर ओरखडा काढून जातो, आणि लेहऱ्याची पेटी त्याच क्षणी कणसुरी वाटायला लागते. म्हणून फाटलेला बेस शोधताना कान बेसवर नव्हे, त्याच्या वरच्या स्वरावर ठेवावा. ठोक्यागणिक गायकाचा आवाज किंवा पेटी खरखरत असेल तर दोष दोघांच्या समाईक वाटेवर आहे, म्हणजे डॅशबोर्डवरच्या डेकमध्ये, नाहीतर विजेच्या पुरवठ्यात. वरचे स्वर निर्मळ राहून फक्त खालचा भाग बिघडत असेल तर दोष सबवूफरच्या शाखेत आहे. एका ऐकण्यात निम्मी सिस्टीम संशयातून सुटते.

दुसरी परीक्षा विरामाची. तीनतालाचा ठेका सगळ्यांच्या ओळखीचा आहे: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याचा घुमारा नसतो. चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’वर तो परत येतो, आणि ही परतण्याची चाहूलच ऐकणाऱ्याला समेकडे ओढून नेते. मैफलीत ही खाली, म्हणजे डग्ग्याविना जाणारा हा भाग, नुसती कळते असं नाही, ती अंगाला जाणवते. पायाखालचा आधार काढून घेतल्यासारखं होतं आणि मग तो पुन्हा मिळतो. गाडीत हे होतं का, ते पाहावं. अनेक गाड्यांत खाली भरलेलीच असते. नवव्या मात्रेचा ‘धा’ पत्र्यात, खोक्यात, दाराच्या पोकळीत गुणगुणत राहतो आणि पुढच्या चार मात्रा झाकून टाकतो. आवाज मोठा आहे, फाटलेलाही नाही, पण ताल गेला. माझ्या दृष्टीने हाही बिघाडच आहे, आणि तरंग छाटला जाण्यापेक्षा कमी गंभीर नाही.

उपायांकडे वळण्याआधी मूळ ध्वनिमुद्रणाला न्याय द्यावा. तबलावादक उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्या जुन्या तबकड्यांवर हाताचा बोल न् बोल कळतो, पण डग्ग्याचा तळ त्या काळच्या तंत्रात पुरता उतरलेला नाही. तिथे बेस बूस्ट चढवून जे मिळतं तो थिरकवांचा डग्गा नव्हे, ती तबकडीची घरघर असते. उलट टोकाला, १९८० साली आलेल्या रोलंड टीआर-८०८ या यंत्राचा लांब घुमणारा बेस ड्रम हिप-हॉपचे निर्माते पुष्कळदा मुद्दाम फाडूनच वापरतात. ती फाट म्हणजे आशय आहे, ती दुरुस्त करायची नसते. आणि काही ध्वनिमुद्रणं मोठी करण्याच्या चढाओढीत मुळातच छाटली गेली. मेटालिका या बँडच्या २००८ सालच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमबद्दल श्रोत्यांनी याच कारणासाठी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. म्हणून तीच फाइल आधी चांगल्या हेडफोनवर ऐकावी. तिथेही फाट असेल तर गाडीचा स्क्रू उघडण्याचं कारण नाही. नसेल तर फोनमधला इक्वलायझर बंद करावा, डेकमधला लाउडनेस आणि बेस बूस्ट शून्यावर आणावेत आणि पुन्हा ऐकावं. बरेच बिघाड याच पायरीवर संपतात.

का संपतात ते समजून घेण्यासारखं आहे. बेस बूस्टचं बटण १२ डेसिबलवर नेलं म्हणजे त्या स्वरासाठी ॲम्प्लिफायरकडे जवळजवळ सोळापट ताकद मागितली. तो १० वॅट देत होता, आता त्याने १६० वॅट द्यावेत अशी अपेक्षा आहे. डेकच्या डब्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असतं. पण गाडीच्या १४.४ व्होल्टवर थेट चालणारा डेक ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ तरंगाचे फार तर २६ वॅट देऊ शकतो. हे गणिताचं टोक झालं, प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात. बुटक्या दारातून आत जाताना माणूस वाकतो. विजेच्या तरंगाला वाकता येत नाही, त्याचं डोकंच छाटलं जातं. क्लिपिंग म्हणतात ते हेच. त्याची खूण अशी, की व्हॉल्यूम थोडा खाली आणताच आवाज एकदम साफ होतो. एका ठरावीक घरापर्यंत सगळं सुरेल आणि त्यापुढच्या घराला सगळंच रागावलेलं, असं झालं तर दुसरा संशयित शोधायला नको.

वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर गेनच्या छोट्या स्क्रूकडे बघावं. सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. डेकमधून येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे हे ॲम्प्लिफायरला सांगण्याची ती जागा आहे. ती पुरी फिरवून ठेवली की डेकच्या अर्ध्या व्हॉल्यूमलाच ॲम्प्लिफायर छतावर आपटतो. योग्य जागा शोधण्याची पद्धत साधी आहे आणि ती करताना पाहण्यात खरा आनंद आहे. स्पीकरच्या तारा ॲम्प्लिफायरपासून सोडवायच्या. डेकवर ५० हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा शुद्ध स्वर लावायचा. डेकचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर, गेन तळाला. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याची टोकं स्पीकरच्या आउटपुटला लावायची. मग बारीक स्क्रूड्रायव्हरने गेन अगदी सावकाश वाढवत जायचं. आकडा कुठे थांबवायचा हे आधीच काढून ठेवायचं: वॅट आणि ओहम यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ. १०० वॅट आणि ४ ओहम असतील तर ४०० चं वर्गमूळ, म्हणजे २० व्होल्ट. मीटरवर २० दिसला की हात काढून घ्यायचा, तारा परत जोडायच्या आणि त्या स्क्रूला पुन्हा हात लावायचा नाही. मीटर तरंगाची उंची सांगतो, आकार सांगत नाही. डेक स्वतःच तिथे छाटत नाही याची खात्री ऑसिलोस्कोपवर करता आली तर उत्तमच. पण लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा साधा मीटरही इथे मोठं काम करतो.

विजेचा पुरवठा थोडक्यात सांगता येतो. ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावत असतील तर ॲम्प्लिफायर उपाशी आहे. इंजिन सुरू असताना त्याच्या टर्मिनलवर मीटर लावावा. दणक्याबरोबर आकडा १२ च्या खाली जात असेल तर तार बारीक आहे, नाहीतर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, नाहीतर अर्थिंग रंगावरच आवळलेलं आहे. अर्थिंगची जागा खरवडून लखलखीत पत्रा दिसू द्यावा आणि मगच बोल्ट घट्ट करावा. बॅटरीजवळचा फ्यूज असलाच पाहिजे, तो आवाजासाठी नव्हे, गाडी पेटू नये म्हणून. इंजिनाच्या वेगाबरोबर वर चढणारी शीळ ऐकू येत असेल तर तो वेगळा रोग आहे, त्याला बेसच्या खात्यात टाकू नये.

अगदी हळू आवाजातही खरखर असेल तर वीज निर्दोष आहे, स्पीकर जखमी आहे. सिस्टीम बंद करून दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा चहूबाजूंनी सारखा दाबावा आणि हळू सोडावा. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल जागेवरून हलली आहे. ४ ओहमच्या कॉइलचा मीटरवरचा आकडा बहुधा ३ ते ४ च्या मध्ये पडतो. फार कमी किंवा अनंत दिसला तर ती गेली. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत पडद्याच्या कडेची फोमची गोट कालांतराने कुजते. आणि दाराच्या काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दाराच्या पोटातूनच खाली जातं, त्या वाटेत कागदी पडद्याचा स्पीकर असेल तर तो फुगतो. पावसाळ्यानंतर फाटलेल्या आवाजाची तक्रार आली तर आधी दाराचं पॅनेल उघडून पाहावं.

दाराच्या स्पीकरवर आणखी एक अन्याय होतो. तेवढाच आवाज ८० ऐवजी ४० हर्ट्झला हवा असेल तर पडद्याला चौपट हलावं लागतं. दारातला सहा इंची स्पीकर ते कुठून करणार? तो मर्यादेपर्यंत जातो, आणि त्याच पडद्यावर बसलेली गायकाची मधली पट्टी त्याच्याबरोबर हेलकावे खाते. डिकीत सबवूफर असेल तर दाराच्या स्पीकरला ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावावा, म्हणजे त्याहून खालचे स्वर त्याच्याकडे जाणार नाहीत, आणि सबवूफरला तिथेच लो-पास, म्हणजे वरचे जाणार नाहीत. हे दोन आकडे बसवल्यावर गायकाचा आवाज ज्या मोकळेपणाने पुढे येतो ते ऐकण्यासारखं असतं. बेस सुधारायला घेतला आणि गाणं सुधारलं, असा हा उपाय आहे.

सबवूफरचं खोकं ही स्वतंत्र विद्या आहे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात स्पीकर आणि खोकं यांचं गणित बसवून दिलं. आजही प्रत्येक चांगल्या वूफरबरोबर त्या दोघांच्या नावाची मापं मिळतात. भोक असलेलं खोकं ज्या स्वराला जुळवलेलं असतं त्याच्या खाली पडद्याला हवेचा आधार उरत नाही. तो मोकाट हलतो आणि सर्वांत खालच्या स्वरावर ‘टक्’ करून मागे आपटतो. फार खालचे स्वर अडवणारा सबसॉनिक फिल्टर असतो तो याच्यासाठी. भोकातून ‘फुस्स’ ऐकू येत असेल तर भोक आवाजाच्या मानाने लहान आहे. आणि बंद खोक्याच्या सांध्यातून हवा गळत असेल तर ती हाताला कळते, बोट सांध्यावरून फिरवलं की फुंकर लागते. ठेक्याची खाली भरून टाकणारं खोकं बहुतेक वेळा गरजेपेक्षा लहान तरी असतं, नाहीतर चुकीच्या स्वराला जुळवलेलं. असल्या खोक्यात तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्गा एकाच उंचीचे ऐकू येतात. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झजवळ असतो, डग्गा त्याच्या बराच वर. हे दोन वेगळे ऐकू आले नाहीत तर ती सिस्टीम स्वर वाजवत नाही, स्वतःचंच नाव पुन्हा पुन्हा सांगते आहे.

मग येतो पत्रा. फाटलेल्या बेसच्या कित्येक तक्रारींत स्पीकर आणि ॲम्प्लिफायर दोन्ही निरोगी असतात. बोलत असतो तो नंबर प्लेटचा सैल स्क्रू, डिकीच्या झाकणाची आतली पट्टी, सीट बेल्टचं बक्कल, दाराच्या पॅनेलची तुटलेली क्लिप, डॅशबोर्डमधल्या खणात पडलेला गॉगल. हा आवाज ओळखण्याची खूण अशी, की तो सर्वत्र नसतो, ठरावीक स्वरालाच उठतो. ३० पासून १५० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा स्वर मध्यम आवाजात लावावा आणि एकाने आत बसून ऐकावं, दुसऱ्याने तळहात घेऊन गाडीभर फिरावं. ४२ ला काहीच नाही, ५५ ला डिकी कुजबुजते, ६८ ला उजवं दार खडखडतं, असं प्रत्येक भागाचं ठाणं कळत जातं. दारावर तळहात दाबला आणि खडखड थांबली, हात उचलला आणि सुरू झाली, की तो कोपरा सापडला. तिथे फेल्टची पट्टी, नवी क्लिप, पत्र्याच्या पाठीवर ब्युटिलचा डॅम्पिंग शीट. दाराच्या आतल्या पत्र्याची मोठी भोकं बुजवली तर आणखी एक गोष्ट घडते. स्पीकरच्या पाठीमागची हवा पुढच्या हवेला भेटायची थांबते आणि दारातून इतके दिवस हरवलेला बेस अचानक हजर होतो. एक वॅटही न वाढवता मिळालेला हा बेस मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

शेवटचा दोष सर्वांत सूक्ष्म, आणि डग्ग्याशिवाय तो चटकन पकडता येत नाही. वादक मनगट सरकवतो, घुमारा ८० हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन वर चढतो. या चढणीत तो सबवूफरच्या हातून दाराच्या स्पीकरच्या हाती जातो. दोघांचे पडदे एका वेळी एकाच दिशेने हलत असतील तर हस्तांतर कळतही नाही. उलट दिशेने हलत असतील तर त्या सांध्यावर दोघे एकमेकांना खोडतात आणि मींड मधेच खड्ड्यात पडते. खालचं टोक ऐकू येतं, वरचं ऐकू येतं, मधला प्रवास गायब. सबवूफरवरचा फेजचा स्विच शून्य आणि १८० यांमध्ये फिरवून पाहावा आणि चालकाच्या जागेवरून जिथे मींड सलग वाटेल तिथे ठेवावा. दोन दारांमध्ये आपसात उलटापालट झाली असेल तर खूण निराळी आहे: बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेला की बेस वाढतो. अशा वेळी दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर लावावा. धनाला धन जुळलं असेल तर पडदा बाहेर येतो, उलट असेल तर आत जातो. एका स्पीकरच्या तारांची अदलाबदल, आणि पोकळ वाटणारी गाडी भरून येते.

हे सगळं करताना एक भौतिक सत्य सोबत ठेवावं. ५० हर्ट्झच्या तरंगाची लांबी जवळजवळ सात मीटर आहे, आणि गाडीची आतली जागा त्याच्या निम्मीही नाही. म्हणून फार खालच्या स्वरांना गाडीत तरंग होऊन पसरता येत नाही, आतल्या हवेचा दाबच कमी-जास्त होतो. बंद, लहान जागेमुळे हे स्वर आपोआप उचलले जातात. घराच्या दिवाणखान्यात ज्या बेससाठी मोठं खोकं लागतं तो गाडीत थोडक्यात मिळतो. गाडी ही खर्जासाठी मुळात उदार जागा आहे. तिच्यावर वरून बूस्ट लादण्याची गरज थांबलेल्या गाडीत जवळजवळ कधीच नसते. चालत्या गाडीत टायरचा आणि इंजिनाचा आवाज नेमका खालच्या पट्टीतच पसरलेला असल्यामुळे तो डग्ग्याला झाकतो, तेव्हा महामार्गावर सबवूफरची पातळी दोन-तीन डेसिबल चढवणं रास्त आहे. ते सबवूफरच्या पातळीच्या बटणाने करावं, गेनने नव्हे.

एवढं केल्यानंतर पहिल्या ऐकण्यात पुष्कळांना बेस कमी झाल्यासारखा वाटतो, कारण खोटे उपस्वर गेलेले असतात. तिथे घाबरून बटणं पुन्हा फिरवू नयेत. कानाला या नव्या तळाची ओळख व्हायला जरा वेळ द्यावा. तंबोऱ्याच्या खर्जाचा आणि डग्ग्याचा सूर वेगवेगळा कळायला लागतो, गायकाचा आवाज ठोक्याला हलेनासा होतो, ढोलकी आणि पखवाज एकमेकांपासून सुटे होतात, आणि तबला कधी न शिकलेला शेजारचा माणूसही न सांगता खाली ओळखून समेला मान हलवतो. काम झालं याची याहून भरवशाची खूण मला माहीत नाही, आणि ती मोजायला मीटर लागत नाही.